समोरच्या ब्लॉकमधले काका

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका तरुण सभासदाने लिहिले की ‘त्या’ पक्षाला मत देणाऱ्यांशी यापुढे आपला बोलण्याचाही संबंध नाही. दुपारपर्यंत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्यातले बहुतेक अंगठे आपल्याच माणसांचे, फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्यांचे आहेत, म्हणून हे इथे लिहिते आहे. रोख कोणावर आहे हे सगळ्यांना कळत होते. समोरच्या ब्लॉकमधले काका एक शब्दही न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडले.

याच काकांनी १३ मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी, लिफ्ट बंद असताना माझ्या वडिलांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवले होते. वडील ८१ वर्षांचे, गुडघे कामातून गेलेले आणि आयुष्यभर समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाचे. ते कोणाला मत देणार हे काकांना पक्के ठाऊक होते. तरीही खुर्चीची खालची बाजू, जिकडे सगळा भार येतो, ती त्यांनी धरली आणि प्रत्येक वळणावर “अण्णा, हात आत घ्या, कठडा लागेल,” असे सांगत राहिले.

हा माणूस त्या पक्षाकडे का गेला, हे अंगठे देणाऱ्यांपैकी एकाने तरी कधी विचारले आहे का? मी विचारले आहे. १९७२ च्या दुष्काळात त्यांचे आईवडील खडी फोडायच्या कामावर होते आणि मुले सुकडीवर जगली. पुढे हे कुटुंब पुण्यात येऊन पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहिले. तिथे रेशनकार्डासाठी, नळासाठी, बहिणीच्या बाळंतपणात अपरात्री रिक्षा आणण्यासाठी जो कार्यकर्ता धावून आला, तो त्या पक्षाचा होता. आपल्या विचाराचे कोणी तिथे पोहोचले नव्हते. अशा माणसाला ‘डोके गहाण टाकलेला’ म्हणून मोकळे होणे हा निव्वळ आळस आहे, आणि मला त्याचा संताप येतो.

काही मतांची झळ दुसऱ्याच्या घराला आणि जिवाला बसते, हे मान्य. ज्याला ती बसते त्याला समजूतदारपणाचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. पण आमच्या ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांपैकी कोणाला ती बसली आहे?

पुणे नेहमी सभ्यपणे भांडले असे मुळीच नाही. याच शहरात समाजसुधारक आगरकरांची, ते जिवंत असताना, प्रेतयात्रा काढली गेली. १९०७ मध्ये काँग्रेसच्या सुरतेच्या अधिवेशनात टिळकांचा जहाल आणि गोखल्यांचा मवाळ गट इतका हातघाईवर आला की व्यासपीठावर जोडा भिरकावला गेला. तरीही फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेल्याचे कळताच टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांच्या गौरवाचे बोलले. त्यासाठी त्यांना आपले राजकारण तसूभरही बदलावे लागले नाही. काकांची मते मलाही पटत नाहीत, आणि पुढच्या निवडणुकीतही मी त्यांच्या पक्षाच्या विरोधातच मत देणार आहे.

त्या दिवशी मतदान करून परतताना, जिना चढता चढता, वडील आणि काका यांची महागाईवरून चांगलीच जुंपली होती. दोघांचेही आवाज चढले होते. दुसऱ्या मजल्यावर काकांनी खुर्ची टेकवली, घाम पुसला, वडिलांना पाणी दिले आणि वाद जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला.

त्या तरुण सभासदाला मी अजून काहीच लिहिलेले नाही. तो स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, वय सरत चालले आहे. परवा त्याच्या आईने जिन्यात थांबवून हे सांगितले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. त्याच्याही रागाला कारण आहे, फक्त तो चुकीच्या दारावर निघाला. उद्या संध्याकाळी मी त्याच्याकडे जाऊन बसणार आहे. ग्रुप चालवणाऱ्यांनी तोवर तो मजकूर काढून टाकावा, आणि अंगठा दिलेल्या माझ्या मित्रांनी निरोप न धाडता स्वतः जाऊन काकांची बेल वाजवावी.