अवजल म्हणजे सांडपाणी नव्हे

गेल्या महिनाभरात एकच मजकूर माझ्याकडे चार वाटांनी आला. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर, आणि चौथ्यांदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो मला जिन्यात थांबवून वाचूनच दाखवला. वर आइसलँडच्या ब्लू लगूनचा फोटो: निळं पाणी, वाफा, तोंडाला पांढरा लेप फासून हसणारी माणसं. खाली मजकूर असा, की लोक हजारो रुपये मोजून परदेशी जातात आणि डुंबतात कशात, तर वीज कारखान्याच्या सांडपाण्यात. निळा रंग रसायनांचा. पाण्यात क्लोरीनसुद्धा घालत नाहीत. बायका-पुरुष उघडेनागडे एकत्र. त्वचेचे आजार बरे होतात ही थाप. खाली ज्वालामुखी, कधी फुटेल नेम नाही. आणि शेवटी, हेच पाणी आपल्या वज्रेश्वरीला फुकट मिळत असताना, वगैरे वगैरे.

आम्ही दोघं सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे जाऊन आलोय हे काकांना माहीत आहे. "मग, कसं काय वाटलं सांडपाणी?" असं त्यांनी विचारलंच. हातात दुधाच्या पिशव्या होत्या म्हणून जिन्यात काही बोलले नाही, आता सवडीने बोलते. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय, त्यामुळे काही ठिकाणी तास घेतल्यासारखं होईल, तेवढं चालवून घ्या.

सांडपाण्यापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. आणि गंमत म्हणजे त्यातलं अर्धं खरं आहे. ब्लू लगून हा निसर्गाने घडवलेला झरा नाही. फोटो पाहून तसंच वाटतं, मलाही लेकीने तिकिटं काढेपर्यंत तसंच वाटत होतं. १९७६ मध्ये रेक्यानेस द्वीपकल्पावर स्वार्त्सेंगी इथे भूगर्भातल्या उष्णतेवर चालणारं केंद्र सुरू झालं. खोल बोअर मारून दोनशे अंशांच्या वर तापलेलं पाणी आणि वाफ वर काढायची, वाफेवर वीज करायची, त्याच उष्णतेने साधं गोडं पाणी तापवायचं आणि ते आसपासच्या गावांत घरोघरी पोचवायचं. खालून आलेलं पाणी थेट घरांत देता येत नाही, कारण ते खारं असतं. समुद्र जवळ आहे, तो खडकांतून आत झिरपतो, त्यामुळे वर येणारं पाणी साधारण दोन भाग समुद्राचं आणि एक भाग गोडं. शिवाय त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलं मूळ द्रव्य, इतकी, की नळ बुजून जातील. मग काम झालेलं हे पाणी शेजारच्या लाव्हाच्या माळावर सोडून दिलं. जाळीदार दगड, मुरेल आपोआप, असा हिशेब. पण सिलिकेने दगडाची भोकं लिंपून टाकली आणि पाणी साचत गेलं. तळं झालं. ठरवून कुणीच केलं नव्हतं. लोकांसाठी रीतसर सोय १९८७ मध्ये झाली, आणि आज आपण फोटोत पाहतो ती जागा तर १९९९ पासूनची, जुन्या तळ्यापासून थोडी बाजूला.

तर, वीजकेंद्रातून बाहेर पडलेलं पाणी, कबूल. पण बाहेर पडलेल्या पाण्याला आपल्याकडे चांगला वापरातला शब्द आहे: अवजल. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. चिपळूणकडे कुणालाही विचारा, ते त्याला कोयनेचं अवजल म्हणतात. ते मुंबईला न्यायच्या योजना मी कित्येक वर्षं पेपरात वाचतेय. मुंबईकरांना सांडपाणी पाजायचा कट, असा मजकूर अजून तरी कुणी पुढे पाठवलेला नाही.

सांडपाणी कशाला म्हणतात हे पुणेकराला शिकवायला नको. एप्रिलमध्ये रिक्षाने मुठेवरचा कुठलाही पूल ओलांडा, व्याख्या नाकातून आत जाते. स्वार्त्सेंगीच्या पाण्यात कुणाचं मैलापाणी नाही, कुठल्या कारखान्याचा रंग नाही, तेल नाही. जमिनीतून आलं, उष्णता दिली, बाहेर पडलं. आता ते पिता येईल का? मुळीच नाही. शेतात सोडलं तर पीक जळेल, खारं पाणीच ते. पण पिण्याजोगं नाही आणि गटार आहे या दोन गोष्टींच्या मधे भरपूर जागा आहे. अख्खा अरबी समुद्र त्या जागेत बसतो, आणि त्यात आपण दिवेआगरला हौसेने डुंबतोच की.

निळा रंग. दिवाळीत चिरोट्यांचा पाक करताना पाहा, गरम असताना साखर दिसत नाही, पाक गार झाला की कडेला खडे धरतात. सिलिकेचं तेच. कढत पाण्यात विरघळलेली असते, पाणी निवलं की बाहेर पडते. फरक असा, की तिचे कण इतके बारीक असतात की बरेचसे तरंगतच राहतात, आणि उजेडातला निळा भाग जास्त विखुरतात. ओंजळीत घेतलं तर पाणी निळं नसतंच, दुधाचं पातेलं विसळल्यावर येतं तसं पांढुरकं. उन्हाळ्यात शेवाळ वाढलं की त्याला हिरवी झाक येते. आता सिलिका रसायन आहे का? आहे. मीठही आहे, आणि बांधकामावरची वाळूही. प्रश्न रसायन आहे का हा नसतो, ते कुठून आलं आणि काय करतं हा असतो. इथे ते पोत्याने आणून कुणी ओतलेलं नाही.

तो तोंडाचा लेपही याच सिलिकेचा. तळ्याच्या कडेला एक मुलगी पळीने हातावर वाढते, प्रसादासारखा. बोटांना लागला आणि मला एकदम शाडूची माती आठवली. तोच गारवा, तसाच पेरांच्या रेघांत भरून बसतो. इकडे पुण्यात गणपती बसले होते, आमचा त्या वर्षी पहिल्यांदाच दिराच्या घरी होता, आणि मी हजारो मैलांवर तोंडाला शाडू फासून उभी. आमच्या ह्यांनी फोटो काढला. तो मी कुणाला दाखवत नाही.

क्लोरीन आणि नागडेपणा हे मुद्दे मजकुरात लांब लांब आहेत, प्रत्यक्षात ते एकच आहेत. क्लोरीन घालत नाहीत हे खरं. तळ्यात ९० लाख लिटर पाणी असतं आणि साधारण ४० तासांत ते सगळं बदलतं, सतत नवं येत राहतं, जुनं जातं. खारटपणा, सिलिका आणि उष्णता यांच्यामुळे नेहमीचे रोगजंतू त्यात फार टिकत नाहीत. तरीही माणूस अंगावरची घाण घेऊन उतरला तर काही उपयोग नाही. म्हणून नियम असा, की उतरण्याआधी साबण लावून, कपडे पूर्ण काढून अंघोळ करायची. पोहण्याचा पोशाख त्यानंतर. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि ब्लू लगूनमध्ये दारं असलेले आडोसेही आहेत. तळ्यात सगळे पोशाखातच असतात. एकत्र नागडे कुठेच नाहीत.

आडोसा नसतो तो तिथल्या गावोगावच्या साध्या तरणतलावांवर. रेक्याविकमध्ये आम्ही तशा एका ठिकाणी गेलो. भिंतीवर पाटी, माणसाचं चित्र, आणि डोकं, काखा, जांघा, पावलं तेवढी रंगवलेली: इथे इथे साबण लावा. शेजारी एक आजी, माझ्याहून मोठ्या, निवांतपणे अंग चोळत होत्या. मी पंचा गुंडाळून कोपऱ्यात. त्या आधी पाटीकडे बघायच्या, मग माझ्याकडे, पुन्हा पाटीकडे. सदाशिव पेठेत जन्म गेलाय, पाटीचा धाक मला कळतो. पंचा काढला. दोन मिनिटांनी लक्षात आलं, की माझ्याकडे बघायला कुणाला वेळच नाहीये.

त्वचेच्या आजारांचं प्रकरण जरा नीट बघायला हवं, कारण इथे थाप म्हणणारेही चुकतात आणि चमत्कार म्हणणारेही. १९८१ मध्ये सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवले धरणारा जुनाट आजार, असलेल्या एका स्थानिक माणसाने या तळ्यात उतरायला सुरुवात केली, त्याला आराम वाटला, गोष्ट पसरली. पुढे तिथे सोरायसिससाठी उपचारकेंद्रही निघालं. या पाण्यातली अंघोळ आणि अतिनील किरणांचे उपचार, दोन्ही मिळून दिल्यावर नुसत्या किरणांपेक्षा अधिक फरक पडतो, असं अभ्यासात दिसलेलं आहे. पण तो आठवडेच्या आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेला उपचार. आणि सोरायसिस मुळातून जात नाही, दबतो आणि पुन्हा डोकं वर काढतो. सहलीत दोन तास बसून आपलं काहीही बरं होणार नाही. माझी टाचदुखी होती तशीच परत आली.

मजकूर लिहिणाऱ्याला घाबरवायचंच होतं तर एक खरी गोष्ट हाताशी होती, ती त्याने सोडली. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा गरम, गोड्या, प्रक्रिया न केलेल्या पाण्यात राहू शकतो. नाकावाटे मेंदूत गेला तर माणूस बहुधा वाचत नाही. फार दुर्मीळ आहे, पण म्हणूनच न्यूझीलंडमध्ये गरम कुंडांपाशी डोकं पाण्याखाली नेऊ नका अशा पाट्या असतात. खाऱ्या पाण्यात तो तग धरत नाही, त्यामुळे ब्लू लगूनला त्याची भीती नाही. गोड्या पाण्याच्या कुंडात मात्र, देशी असो की परदेशी, नाकात पाणी जाऊ देऊ नये. आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर गरम पाण्यात बसण्याआधी डॉक्टरांना विचारावं. हे वज्रेश्वरीलाही लागू आहे.

वज्रेश्वरीचं नाव निघालंच आहे तर, नाही, ते हेच पाणी नाही. तानसेकाठचं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ, राजवाडी, अशी कोकणात झऱ्यांची माळच आहे. गावांची नावंच पाहा, त्यांत ऊन पाणी आहे. पण त्यांच्याखाली ज्वालामुखी नाही. सह्याद्री लाव्हाचाच, पण तो थिजून सहा कोटींहून जास्त वर्षं झाली. आपल्याकडे पावसाचंच पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. आइसलँडमध्ये पृथ्वीचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर सरकताहेत, तापलेला शिलारस जवळ आहे, आणि रेक्यानेसला त्यात समुद्र मिसळतो. गंधकाचा वास दोन्हीकडे, एवढं साम्य मी मान्य करते. तुरळला मी लहानपणापासून जातेय आणि मला ते आवडतं. फक्त तिथे ती सिलिका नाही, तो निळा रंग नाही. फुकट म्हणाल तर कोकणातल्या एका कुंडावर मागच्या वेळी आमच्यापुढे एक बाई गोधडी धूत होत्या. क्लोरीनबद्दल बोलणाऱ्यांनी साबणाच्या त्या फेसाबद्दलही एखादा मजकूर लिहावा.

ज्वालामुखीवर मला काकांशी वाद घालायचा नाही. तळं पाहून झाल्यावर आम्ही जवळच्या ग्रिंडाविक गावात बंदरावर कॉफी प्यायलो. जेमतेम चार हजारांची वस्ती, जाळी वाळत घातलेली. दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री, ते अख्खं गाव रिकामं करावं लागलं. १८ डिसेंबरला जमीन फाटली आणि त्यानंतर उद्रेक होतच राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाव्हा ब्लू लगूनच्या पार्किंगवर पसरला. मुख्य इमारती आणि तळं वाचलं, कारण आधीच मातीचे उंच बांध घातले होते, आणि माणसं वाचली कारण त्यांना वेळेत बाहेर काढलं होतं. जमीन फुगतेय हे तिथे रोज मोजतात. नेमकी घटका मात्र सांगता येत नाही, सूचना कधीकधी तासाभराचीच मिळते. तेव्हा जाणार असाल तर आदल्या दिवशी उघडं आहे का ते बघा, आणि पैसे परत मिळण्याची अट वाचून मगच तिकीट काढा. वेळ आधी ठरवूनच जावं लागतं, ऐनवेळी जागा मिळत नाही.

पैशांवर तर मी मजकुराच्याच बाजूची आहे. महाग आहे, आमच्या दोघांच्या तिकिटांत घरात महिन्याचा किराणा आला असता. तेच गरम पाण्याचं सुख हवं असेल तर तिथल्या कुठल्याही गावच्या तरणतलावात जा, फार कमी पैशांत तासन्‌तास बसा, गावकऱ्यांच्या गप्पा ऐका. फक्त पाटी पाळा.

आणि डोकं बुडवू नका, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सिलिकेने केस असे झाले, की तीन दिवस डोक्यावर काथ्याची गुंडी घेऊन फिरत होते. दागिने काढून ठेवा असंही तिथे सांगतात. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, जोडवी राहिली, कारण ती आता बोटातून निघतच नाहीत. गंधकाने ती काळी ठिक्कर पडली. परत आल्यावर चिंच लावून पाहिली, पीतांबरी लावून पाहिली, शेवटी लक्ष्मी रोडवर आमच्या नेहमीच्या सोनारांकडे गेले. त्यांनी पायाकडे एकदाच बघितलं.

"वज्रेश्वरीला जाऊन आलात वाटतं?"

"हो," म्हटलं, "त्याच्या थोडं पुढे."