एकट्याच का?

सायकल घेऊन एकटी का जातेस असं कोणी विचारलं की मी सांगते, शांतता मिळते. हे आता इतक्या लोकांना सांगून झालंय की शांततेला वेळच उरत नाही.

म्हणजे बघा, पहाटे साडेपाचला सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारतो, मॅडम आज एकट्याच? (रोज एकटीच असते, त्यालाही माहितीये, पण बिचारा रात्रभर कोणाशी बोललेला नसतो.) मग सिंहगड रस्त्यावर धायरी फाट्याला बसची वाट बघणाऱ्या मावशी. मग खडकवासल्याच्या अलीकडे स्कूटरवरची दोन पोरं, हँडलला हँडल लागेल इतकी शेजारून चालवत, गिअरची आहे का मॅडम, कितीला पडली, फॉरेनची का, आणि शेवटी तेच, एकट्याच का. पुढे डोणजे फाट्याच्या आसपास शेतावर निघालेले एखादे आजोबा असतात, ते थेट मुद्द्याला हात घालतात. "एकलीच निघालीस व्हय बाय? मालक कुठंयत?" मालक झोपलेत असं मी खरं ते सांगते. यावर आजोबा काही बोलत नाहीत, फक्त मान हलवतात, आणि त्या मान हलवण्यात माझ्यापेक्षा मालकांबद्दलची काळजी जास्त असते.

किमतीचं मी एक ठरवून टाकलंय. रस्त्यावर विचारलं की सायकल भाच्याची. नवऱ्याला सांगितलेली किंमत वेगळी, सासूबाईंना सांगितलेली त्याच्या निम्मी, आणि खरी किंमत मला आणि दुकानदाराला माहिती, त्यातला दुकानदार सुदैवाने कमी बोलतो. सासूबाईंना निम्मी सांगूनही त्या म्हणाल्याच, अगं एवढ्यात सेकंडहँड स्कूटी आली असती, पेट्रोल मी दिलं असतं.

एकट्याने जाणाऱ्या माणसाची खरी पूजा आदल्या रात्री असते. ग्रुपवाल्यांचं बरं असतं, एकाकडे पंप, दुसऱ्याकडे पंक्चरकिट, तिसऱ्याकडे डबा. आमच्याकडे सगळं आपणच. एक्स्ट्रा ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे चमचे, अ‍ॅलन की, छोटा पंप, प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्डाची झेरॉक्स आणि सुट्टे पैसे, राजगिऱ्याच्या वड्या, आणि एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. हे सगळं सीटखालच्या पिटुकल्या बॅगेत कोंबायचं, चेन बंद होत नाही म्हणून सगळं काढायचं, परत कोंबायचं. मग टायर अंगठ्याने दाबून बघायचा. मग झोपायच्या आधी परत एकदा दाबायचा. मला एकदा रात्री दोनला उठून टायर दाबताना मुलाने बघितलं, तो पाणी प्यायला उठला होता, काही न बोलता पाणी पिऊन परत गेला.

सकाळचं लिफ्ट प्रकरण वेगळंच. सायकल मागच्या चाकावर उभी केल्याशिवाय लिफ्टमध्ये मावत नाही, त्यामुळे मी तिला मिठी मारून एका कोपऱ्यात, आणि नेमके तिसऱ्या मजल्यावरचे काका फिरायला जायला आत येतात. काकांना पुण्याच्या सायकलींचा अख्खा इतिहास पाठ आहे आणि तो तिसरा मजला ते तळमजला एवढ्यात बसत नाही म्हणून ते खाली लिफ्टचं दार धरून ठेवतात. त्यांच्या वेळी तासावर भाड्याने सायकल मिळायची, सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस धरायचा, आणि गिअर वगैरे थेरं कोणाला माहितीही नव्हती. आता सायकली बघायच्या तर कर्वेनगरात विक्रम पेंडशांच्या म्युझियममध्ये जा म्हणतात. काका, मी एक धरून उभी आहे इथे, असं म्हणावंसं वाटतं, पण खांद्यावर पुढचं चाक असतं आणि श्वास पुरवून वापरायचा असतो.

बरं, एकदा रस्त्याला लागलं की एकटा सायकलवाला करतो काय? लोकांना वाटतं चिंतन. मी सांगते काय करतो, गणितं करतो. आत्ता अ‍ॅव्हरेज ताशी १८ किलोमीटर आहे, पुढच्या सिग्नलला थांबले तर १७.८ होईल, मग ते परत १८ करायला किती वेळ किती वेगाने चालवावी लागेल. दहावीला माझे गणिताचे हाल झाले होते आणि आता मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वखुशीने, घामाघूम होऊन, काळ-काम-वेगाची उदाहरणं सोडवतेय. सिग्नलला फोनमधलं वेग मोजणारं अ‍ॅप आपोआप पॉज झालं नाही तर इतकी चिडचिड होते की विचारू नका, जणू काही कोणी ते तपासून मार्क देणार आहे. घरी आल्यावर कोणी विचारत नाही. विचारतात ते दूध आणलंस का.

गणित संपलं की घाट. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर आणि पुणं साधारण ५६०, मधल्या फरकातला बराचसा गोळेवाडीनंतरच्या नऊ-एक किलोमीटरमध्येच वसूल करून घेतात. तिथे मी मोठ्याने बोलते. एकट्याने जाणारे सगळेच बोलतात, कबूल करत नाहीत. सुरुवातीला स्वतःला धीर देणं, मग स्वतःला शिव्या, मग रस्ता बांधणाऱ्याला, आणि अगदीच दम संपला की लहानपणी आजीने पाठ करून घेतलेलं स्तोत्र, ते डोक्यापासून पावलांपर्यंत एकेका अवयवाचं रक्षण कर म्हणणारं. आजी रोज संध्याकाळी म्हणायला लावायची तेव्हा मधले अवयव कशाला हवेत असं वाटायचं. आता मांड्या आणि गुडघे आले की मी त्या ओळी दोनदा म्हणते. वळणावर समोरून कोणी उतरत आलं की स्तोत्राचं पटकन खोकल्यात रूपांतर करायचं, हे सवयीने जमतं.

कुत्र्यांबद्दल फार लिहीत नाही. उतरायचं, सायकल मधे धरायची, आणि पायी चालत त्यांच्याकडे न बघता जायचं. चाक फिरायचं थांबलं की बहुतेकांचा इंटरेस्ट जातो. बहुतेकांचा.

पण खरा छळ वेगळाच आहे आणि तो एकट्याने जाणाऱ्यालाच कळेल. माझ्या सायकलला स्टँड नाही. अशा सायकलींना नसतोच, वजन वाढतं म्हणे. (वजन कमी करायला मी सायकल घेतली आणि सायकलचं वजन वाढू नये म्हणून स्टँड नाही, हे गणित मी अजून सोडवतेय.) त्यामुळे ती कुठेच स्वतःची उभी राहत नाही, तान्ह्या बाळासारखी कायम कोणीतरी धरायला लागते. शिवाय पुढचं चाक एका खटक्यासरशी निघतं, म्हणजे कोणी सायकल नेली नाही तरी चाक नेईल ही भीती. कुलूप आहे, पण कुलूप लावायला खांब लागतो, आणि पानशेत रोडवर जिथे खांब आहे तिथे चहा नाही आणि जिथे चहा आहे तिथे खांबाला आधीच म्हैस बांधलेली असते.

मग टपरी निवडायचे माझे निकष तयार झाले. चहा कसा आहे हे शेवटी. आधी भिंत आहे का, भिंतीला टेकवली तर बाकावरून दिसेल का, आणि मालक आजूबाजूला लक्ष देणारा आहे की मोबाईलमध्ये रील बघणारा. सर्वात उत्तम चहा जिथे मिळतो तिथे बाक रस्त्याकडे पाठ करून आहे, म्हणून मी तिथे आजपर्यंत चहा उभ्यानेच प्यायलेय, एक हात सीटवर ठेवून. लोकांना वाटतं सायकलवर फार जीव आहे. जीव आहेच, पण हप्ताही आहे.

आणि चहा प्यायल्यावर जो प्रश्न येतो तो आलाच. बाईमाणूस, एकटी, पस्तीस किलोमीटरवर, स्टँड नसलेली सायकल. पुरुष मंडळी म्हणतील त्यात काय एवढं, त्यांना अख्खा सह्याद्री मोकळा आहे. मला एक तर पेट्रोल पंप शोधावा लागतो, नाहीतर फॅमिली रूम अशी पाटी लावलेलं हॉटेल. पंपावर चावी मागायची, चावी देणारा म्हणणार सायकल तिकडे लावा, तिकडे म्हणजे हवा भरायच्या मशीनशेजारी, जिथे ट्रकवाले येणार. आत गेल्यावर कानात सगळा जीव. बाहेर जरा खडखडलं की झालं. एकदा तर मी सरळ सायकल आत नेली. बाहेर आले तेव्हा दारात एक बाई लहान मुलीला घेऊन थांबलेल्या, त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सायकलकडे, मग मुलीला जवळ ओढून घेतलं.

"सायकलकडे जरा लक्ष ठेवता का" असं अनोळखी माणसाला सांगण्यातही धोका असतो. तो लक्ष ठेवतो, पण तोपर्यंत गिअर बदलून बघतो, घंटी वाजवतो, त्याचा मित्र बसून बघतो. परत आल्यावर साखळी उतरलेली आणि दोघंही आकाशाकडे बघत उभे.

एका ब्रेव्हेला माझी जी गत झाली ती याच पायी. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळात लांबचं अंतर पार करायचं, रेस नाही, पहिला नंबर वगैरे काही नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. मूळ फ्रान्सचं खूळ, तिथे पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचं १८९१ पासून चालू आहे, आता दर चार वर्षांनी होतं, १२०० किलोमीटर आणि जास्तीत जास्त नव्वद तास. यात स्वतःचं स्वतः बघायचं असा नियम आहे, वाटेत मागून गाडीतून कोणी पुऱ्या-भाजी घेऊन आलेलं चालत नाही. मला हे फार आवडलं. पहाटे सुटताना घोळका, हशा, सेल्फी, आणि पहिला मोठा चढ संपेस्तोवर प्रत्येक जण आपापला एकटा. म्हणजे साठ माणसांनी मिळून एकटं जायचं, आणि "एकट्याच का" विचारायची कोणाची टाप नाही!

पण वाटेत आपण अमुक ठिकाणी अमुक वेळेला होतो याचा पुरावा लागतो, आणि जिथे आयोजकांचा माणूस नसतो तिथे एटीएमची स्लिप चालते, तिच्यावर जागा आणि वेळ छापून येते. आता बोला. एटीएमच्या बाहेर गुळगुळीत काच, टेकवायला काही नाही, आत सायकल न्यावी तर सिक्युरिटीवाले मामा आडवे. "आत सायकल अलाऊड नाही मॅडम." मग तुम्ही धरा ना मामा दोन मिनिटं. "ड्युटीवर आहे मॅडम." शेवटी दार पाठीने उघडं ठेवून, एका हाताने बाहेरची सायकल धरून, दुसऱ्या हाताने कार्ड घालून पिन दाबायचा प्रयत्न केला. मामा सगळं शांतपणे बघत होते. स्लिप आल्यावर म्हणाले, "एकट्याच का?"

पंक्चर झालं की मात्र माणसं अक्षरशः जमिनीतून उगवतात. खानापूरच्या पुढे रस्त्यात चिटपाखरू नव्हतं, मी चाक काढलं आणि पाच मिनिटांत सहा सल्लागार. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व बारीक असतो, वरचं नटासारखं बोंड सैल केल्याशिवाय हवा जात नाही, आणि आपल्या नेहमीच्या पंपाला बसत नाही. त्यावर एकमत झालं की व्हॉल्व मोडलाय. एक म्हणाला कंपनीने फसवलं, दुसरा म्हणाला पुढे पंक्चरवाला आहे पण आज त्याच्याकडे जागरण-गोंधळ आहे, तिसऱ्याने मला विचारल्याशिवाय बोंड पिरगाळून बघितलं आणि ते वाकलं. मी पिशवीतून दुसरी ट्यूब काढली, घातली, छोट्या पंपाने शेकडो वेळा खालीवर करत हवा भरली, सहाही जण मन लावून बघत होते. शेवटी एक काकू म्हणाल्या, शिकून घेतलंय हो पोरीने, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोरगी म्हणवून घेतल्याने मी उरलेलं अंतर फार वेगात आले. अ‍ॅव्हरेजही सुधारलं.

फोटोचं सांगायचं राहिलं. एकट्याच्या फोटोत माणूस नसतो, सायकल असते. धरणाच्या कठड्याला टेकवायची, चेनची बाजू कॅमेऱ्याकडे हवी, नाहीतर जाणकार हसतात, पॅडल नीट आडवं, बाटली सरळ. दहा मिनिटं जातात. माझ्या फोनमध्ये घरच्यांपेक्षा सायकलचे फोटो जास्त आहेत हे नवऱ्याच्या लक्षात आलंय, पण लिफ्टमधली मिठी त्याने अजून पाहिलेली नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसातली एक जण म्हणाली, ए, रविवारी मी पण येऊ का गं? एकट्याने जाणाऱ्या माणसाला याच्याइतकं भीतीदायक वाक्य नाही. मी म्हटलं पहाटे पाचला निघते मी. चालेल म्हणाली. सिंहगड चढणार आहे. चालेल. वाटेत मी बोलत नाही फारसं. अगं मी पण नाही. माझ्याकडची कारणं संपत आली, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हिला नेलं तर चहा बसून पिता येईल, पंपावर निवांत जाता येईल, सायकल धरायला हक्काचं माणूस! मी इतक्या उत्साहाने ये म्हटलं की तीच जरा दचकली.

रविवारी आम्ही निघालो. बरी चालवते, बोलतही नाही फार. खडकवासल्याला पहिल्याच टपरीवर थांबलो, मी दोन चहा सांगितले, बाकावर टेकणार एवढ्यात तिने आपली सायकल माझ्या दुसऱ्या हातात दिली आणि म्हणाली, "धर गं जरा, मी पटकन जाऊन येते. बरं झालं बाई तू आहेस, एकटीने गेलं की हीच मोठी पंचाईत होते."