अभ्यास संपायची वाट न पाहता

शिकत असतानाच लग्न केलेल्या जोडप्यांना घरचे आणि मित्रमंडळी एकच सल्ला देतात : आधी दोघांचे शिक्षण पुरे होऊ द्या, मग हवे तेवढे फिरा. हेतू चांगला असल्यामुळे हा सल्ला खोडून काढायला सहसा कोणी धजावत नाही. मी मात्र त्याच्या ठाम विरोधात आहे, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षे आम्ही दोघांनी विद्यार्थी म्हणूनच काढली असल्यामुळे या विरोधाला थोडाफार अनुभवाचा आधारही आहे. डोंगर, जंगल, नदी, सायकल, तंबू यांपैकी जे काही दोघांना पेलेल ते शिक्षण चालू असतानाच करावे, आणि परीक्षांमधून उरलेल्या दिवसांत ते कसेबसे कोंबण्याऐवजी सत्र सुरू होतानाच त्याच्या तारखा लिहून ठेवाव्यात, असे माझे म्हणणे आहे.

शिक्षणाला शेवट असतो हा बाहेरच्यांचा समज आहे. परीक्षा संपली की प्रकल्प येतो, प्रकल्पानंतर प्रबंध, प्रबंध सादर झाला की परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या, आणि त्या निस्तरत असतानाच नोकरीचे अर्ज सुरू होतात. एकट्या विद्यार्थ्याला दोन टप्प्यांच्या मध्ये निदान श्वास घेता येतो. दोघेही शिकत असतील तर एकाची उसंत आणि दुसऱ्याची घाई हटकून एकाच आठवड्यात येतात, त्यामुळे दोघांनाही एकदम मोकळा वेळ मिळेल तेव्हा जाऊ असे म्हणणाऱ्यांचे जाणे वर्षानुवर्षे राहून जाते.

शिवाय एका खोलीत चोवीस तास राहणे आणि एकमेकांच्या सहवासात असणे यांत बरेच अंतर आहे. एकाच टेबलाच्या दोन टोकांना दोन लॅपटॉप, दोघांच्याही कानांत हेडफोन, आणि मधूनच एकाने मान वर केली तर दुसऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून पुन्हा खाली घातलेली, असे आमचे कित्येक दिवस गेले आहेत. बोलणे होई ते भाडे भरले का, मार्गदर्शकांचे उत्तर आले का आणि कपडे धुण्याची पाळी कोणाची, एवढ्यापुरते. भांडण नसते, दुरावा नसतो, तरी संसाराचे कार्यालय होऊन बसते. नव्या लग्नाला हे फार लवकर जडते, कारण अभ्यास हे असे सन्मान्य कारण आहे की त्यापुढे तक्रार करणाऱ्यालाच अपराधी वाटावे.

या बाबतीत मला मारी आणि पिएर क्युरी यांचे उदाहरण नेहमी आठवते. २६ जुलै १८९५ रोजी पॅरिसजवळच्या सो या गावी त्यांचे लग्न झाले, आणि भेट म्हणून आलेल्या पैशांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या. त्या सायकलींवरून फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून केलेली भटकंती हीच त्यांची लग्नानंतरची सहल. मारीने १८९३ मध्ये भौतिकशास्त्राची आणि १८९४ मध्ये गणिताची पदवी मिळवली होती, तरी तिचे शिकणे संपलेले नव्हते : पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांवरचे संशोधन आणि अध्यापनासाठीच्या स्पर्धात्मक परीक्षेची तयारी अशी दोन्ही कामे तिच्यापुढे होती, आणि १८९६ मध्ये त्या परीक्षेत ती पहिली आली. घर तीन लहान खोल्यांचे, सामान दोन्ही कुटुंबांकडून आलेले आणि तेही अगदी गरजेपुरते. नोकर ठेवण्याची ऐपत नव्हती. अशा ओढगस्तीत आलेले पैसे सायकलींवर खर्च करणे शहाण्यासुरत्या नातेवाइकांना उधळपट्टीच वाटली असती. त्यांचा संसार मी आदर्श म्हणून मांडत नाही, कारण घरकाम जवळजवळ सगळे मारीच्याच अंगावर होते आणि त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. पण रेडियमच्या शोधाआधीच या दोघांनी एकत्र उघड्यावर जाण्याला अभ्यासाच्या बरोबरीचे स्थान दिले होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांनी पत्नी इलेन आणि इतर सहकाऱ्यांसह २००० साली प्रसिद्ध केलेले एक संशोधन या विषयात वारंवार उद्धृत केले जाते. त्यात काही जोडप्यांची मनगटे आणि घोटे पट्ट्यांनी एकमेकांना जोडून त्यांना गाद्यांवरून रांगत एक उशी हातांचा वापर न करता पलीकडे न्यायला सांगितले होते. तसे करणाऱ्यांचे आपल्या नात्याविषयीचे समाधान, कंटाळवाणे काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा अधिक वाढलेले आढळले. काही मिनिटांच्या खेळावरून साऱ्या आयुष्याचे अनुमान काढू नये हे मान्यच आहे. तरी मला त्यातली एक गोष्ट पटते : काम नवे होते आणि एकट्याने होण्यासारखे नव्हते. हिमशिखर किंवा महागडी सहल यांतल्या कशाचीही तिथे गरज पडली नाही.

नवेपणाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, मला निर्णयांचा फायदा वाटतो. उघड्यावर दोघांना मिळून सतत लहान लहान निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांचे परिणाम त्याच दिवशी भोगावे लागतात. घरी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरची कुरबुर महिनोन् महिने चालू शकते. तंबूत तिचा निकाल झोपण्यापूर्वी लावावा लागतो.

स्लीपिंग बॅगचेच पाहा. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बॅगेवर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' अशी दोन तापमाने दिलेली असतात. पहिले प्रमाणित स्त्री सैल अंगाने झोपली असता तिला थंडी वाजणार नाही असे, तर दुसरे प्रमाणित पुरुष अंग आखडून झोपला असता कसेबसे निभेल असे. जाहिरातीत बहुतेक वेळा खालचाच आकडा ठळक असतो. नवे जोडपे तो आकडा पाहून एकसारख्या दोन बॅगा घेते, आणि मग मध्यरात्री एकजण शांत घोरत असतो व दुसऱ्याचे दात वाजत असतात. त्यात दर १००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, म्हणजे पायथ्याच्या गावाचा अंदाज पाहून निघालेल्यांना १५०० मीटर वर मुक्काम केल्यास जवळजवळ १० अंश जास्त थंडी सोसावी लागते.

आमच्याकडे दात माझे वाजत. उपाय सोपे होते, फक्त ते दोघांनी मिळून शोधायचे होते. एकीची चेन डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे असेल तर एकाच बनावटीच्या दोन बॅगा जोडून एक होते. अंगातली बरीचशी ऊब जमीन खेचून घेत असल्यामुळे जाड मॅट थंडी वाजणाऱ्याला द्यायची, किंवा दोन मॅट एकावर एक घालायच्या, कारण त्यांची थंडी रोखण्याची क्षमता सरळ बेरजेने वाढते. दोघांच्या तंबूची रुंदी साधारण १३० सेंटिमीटर आणि एका मॅटची ५१, म्हणजे सॅक, ओले बूट आणि कोपरे यांच्यासाठी उरतात २८ सेंटिमीटर. या २८ सेंटिमीटरांत काय ठेवायचे आणि काय बाहेर आडोशाला ठेवायचे, यावर आमची जितकी मनापासून चर्चा झाली तितकी लग्नाच्या तयारीतल्या कशावरही झाली नसेल. आणि 'मला थंडी वाजते आहे' हे वाक्य कुरकुर म्हणून न ऐकता माहिती म्हणून ऐकायला नवरा तिथेच शिकला.

चालण्याच्या वेगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे : सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईमागे आणखी एक तास. त्या हिशेबाने ६०० मीटर चढ असलेली १० किलोमीटरची वाट तीन तासांची, तीही विश्रांती न धरता. परंतु दोघांचे असे दोन हिशेब निघतात आणि खरा धरायचा तो जो हळू चालतो त्याचा. वेगाने चालणारा पुढे जाऊन दगडावर बसतो, मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि तो पोहोचताच पुढचा ताजातवाना होऊन उठतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज कमी त्यालाच ती जास्त मिळते, आणि ज्याला खरोखर हवी त्याला अजिबात मिळत नाही. यावर तोड म्हणून हळू चालणाऱ्याने पुढे चालावे आणि सामानाची विभागणी हौसेने न करता अंगच्या ताकदीने करावी.

इथे मला एक कडवट वाटेल असे मत मांडायचे आहे. जोडप्यांच्या अनेक सहलींत एकजण सगळे ठरवतो आणि दुसरा नुसता मागून चालतो. नकाशा एकाच्याच फोनमध्ये, परतीच्या गाडीची वेळ एकालाच ठाऊक, पाणी कुठे मिळेल हेही एकालाच ठाऊक. चालताना हे सोयीचे वाटते, पण नकाशावाल्याचा पाय मुरगळला तर दोघेही अडकतात. म्हणून वाटेची प्रत दोघांकडे असावी, अर्ध्या वाटेवर नकाशा दुसऱ्याच्या हाती जावा, आणि शिट्टी दोघांच्याही सॅकला असावी. मदतीची आंतरराष्ट्रीय खूण, म्हणजे मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही दोघांनाही पाठ हवी. संसारातही बँकेचे खाते आणि भाडेकरार एकालाच ठाऊक असलेली जोडपी मी पाहिली आहेत, आणि ती सहलीलाही तशीच जातात.

मागे फिरण्याचा अधिकार मात्र दोघांपैकी प्रत्येकाला स्वतंत्रपणे असायला हवा. इटलीच्या निव्हेस मेरोई आणि रोमानो बेनेट या गिर्यारोहक दांपत्याची हकिगत या संदर्भात वाचण्यासारखी आहे. २००९ मध्ये कांचनगंगेवर सुमारे ७५०० मीटर उंचीवर बेनेट यांची शक्ती अचानक ओसरली. आठ हजार मीटरवरील चौदाही शिखरे सर करणारी पहिली स्त्री होण्याच्या शर्यतीत मेरोई तेव्हा आघाडीवर होत्या, तरी त्यांनी पुढे न जाता पतीबरोबर उतरणे पसंत केले. पुढे बेनेट यांना अस्थिमज्जेचा गंभीर आजार असल्याचे निष्पन्न झाले आणि दोनदा प्रत्यारोपण करावे लागले. २०१४ मध्ये दोघांनी कांचनगंगा एकत्र गाठली, आणि ११ मे २०१७ रोजी अन्नपूर्णेवर त्यांची चौदा शिखरे पूर्ण झाली. पहिल्या स्त्रीचा मान तोवर दुसऱ्यांकडे गेला होता.

आपल्यासारख्यांच्या लहानसहान चढांवर एवढे काही पणाला लागत नाही, म्हणून तर मागे फिरण्याची सवय तिथे लावून घ्यावी. आम्ही निघतानाच परतीची वेळ ठरवत असू, कारण दमलेल्या आणि माथा दिसू लागलेल्या माणसाच्या निर्णयबुद्धीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो. एकदा एक वाजता फिरायचे ठरले होते आणि एक वाजता माथा अगदी हाकेच्या अंतरावर दिसत होता. नवऱ्याने घड्याळ पाहिले, खाली बसून बुटाची नाडी आवळली आणि 'चल, उतरूया' एवढेच म्हटले. झाडी सुरू होईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्या अबोल्यातही ठरलेली वेळ पाळली गेली, आणि पुढे रात्रीच्या अभ्यासाला आम्ही हीच पद्धत लावली : काम थांबवण्याची वेळ संध्याकाळी, डोके जागेवर असताना ठरवायची, आणि ती झाली की दोघांपैकी कोणीही लॅपटॉप बंद करू शकेल. प्रबंधाला त्याने काही उशीर झाला नाही.

खर्चाची अडचण सांगितली जाते तेवढी मोठी नाही. तंबू, सॅक आणि मॅट उसन्या मिळतात, अनेक विद्यापीठांतल्या गिर्यारोहण मंडळांकडे त्या भाड्याने असतात, आणि पहिल्या वर्षी स्वतःचे काहीही विकत घेऊ नये. बूट तेवढे आपले हवेत. छायाचित्रांबद्दल एवढेच म्हणते की ज्या वळणावर फोटोसाठी तीनदा मागेपुढे चालावे लागते, तिथे उजेड फुकट जातो आणि मनःस्थितीही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. दोघांपैकी एकाला उघड्यावर राहण्याची मुळीच आवड नसेल तर काय करायचे? नव्या लग्नाच्या भरात दुसऱ्याच्या आनंदासाठी हो म्हटले जाते, आणि मग एक पावसाळी रात्र सगळ्या उत्साहावर पाणी फिरवते. अशा वेळी पहिल्या सहलीचे ठिकाण ज्याला अनुभव कमी आहे त्याने निवडावे आणि ज्याला जास्त आहे त्याने त्या ठिकाणाला नावे ठेवू नयेत, असे मी सुचवेन. आमच्यात अनुभव नवऱ्याला होता, म्हणून निवड माझ्याकडे आली, आणि मी तलावाकाठची एक सपाट वाट निवडली, जिच्यावर मुक्कामाचा प्रश्नच नव्हता आणि दिवस मावळायच्या आत परत येता येत होते. त्याला ती कंटाळवाणी वाटली असणार. तसे त्याने दाखवले नाही, आणि त्यानंतरचा चढ मीच सुचवला.