गोव्यातला पूर कसा दाखवावा

वृत्तवाहिनीत नव्याने रुजू होऊन पावसाळ्याकडे डोळे लावून बसलेल्या मित्रांनो, पूर दाखवण्यासाठी अभ्यास लागतो असा कोणी तुमचा समज करून दिला असेल, तर तो आधी मनातून काढून टाका.

गोव्यात आपत्ती आली की सर्वप्रथम समुद्रकिनारा गाठावा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले तेव्हा हे शोभूनही दिसले; पण त्याच वर्षी जुलैमध्ये म्हादईला पूर येऊन सत्तरी, धारबांदोडा अशा समुद्र न लागणाऱ्या तालुक्यांत घरे पडली, आणि अशा वेळीही किनाराच दाखवण्याचे धैर्य अंगी असावे लागते. गोवा म्हणजे किनारा आणि पूरग्रस्त म्हणजे हॉटेलात अडकलेला पर्यटक, हे देशाला पाठ आहे. उगाच सत्तरी नकाशावर कुठे आहे ते शोधायला लावू नये.

हवामान खात्याच्या इशाऱ्याचा फक्त रंग सांगावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा, एवढे समजावून सांगितलेत तर लोक खरोखरच सामान माळ्यावर चढवतील, मग तुम्ही चित्रित काय करणार?

जुनी दृश्ये बिनदिक्कत वापरावीत. गढूळ पाणी सगळीकडे सारखेच दिसते.

चित्रपटवाल्यांना सूचनांची गरज नाही. नायक-नायिकेला आडोसा शोधता यावा एवढ्यासाठीच पाऊस पडतो, हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

मुलाखतीचे तंत्र मात्र आमच्या वाड्यावर नुकत्याच आलेल्या पथकाकडून शिकावे. पाणी ओसरले होते. मातीची भिंत पाणी चढताना तग धरते आणि ओसरल्यावर बसते, तशी शेजारच्या माईंची मागची भिंत बसली होती आणि त्या भिजलेला तांदूळ सुपात पसरत होत्या. वार्ताहराने विचारले, "मावशी, कसं वाटतंय?" माई म्हणाल्या, "वाटायचं काय, भिंत गेली. वरचा डोंगर कापून प्लॉट पाडले, पाण्याचा व्हाळ बुजवला, मग पाणी जाणार कुठं?" त्याने मान डोलावली आणि ओली गादी उचलून पुन्हा एकदा दारातून बाहेर येण्याची विनंती केली, कारण आधीच्या वेळी उजेड नीट नव्हता. वयाची सत्तर वर्षे ओलांडलेल्या त्या बाईने ती गादी पुन्हा आत नेली आणि पुन्हा बाहेर आणली. टीव्हीवर दिसले तर मामलेदार लवकर येतील, एवढीच तिची आशा. रात्री बातमीत गादी होती, मागे करुण बासरी होती, डोंगर आणि व्हाळ मात्र कापले होते. बासरी! ज्या घरात रात्री चूल पेटली नाही, त्या घरावर बासरी लावताना एकाचाही हात कसा अडखळला नाही?

कारण विचारलेच, तर 'निसर्गाचा कोप' म्हणून मोकळे व्हावे. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात डोंगर खचून माती-दगड खाली आले, तोही कोपच. तिळारी धरणातून सोडलेले पाणी पेडण्यातल्या गावांत शिरते, तोही कोपच. निसर्गावर खटला भरता येत नाही आणि तो जाहिरातीही देत नाही, त्यामुळे ही सर्वांच्या सोयीची बातमी ठरते. डोंगर कापणारे त्याच बातम्यांच्या मधल्या वेळेत 'हिरव्या कुशीतले घर' विकतात आणि तुम्हाला त्यात काहीच खटकत नाही.

माईंच्या घरी पंचनामा अजून झालेला नाही. त्यांना गादी उचलायला लावणाऱ्यांनो, तलाठी येईल त्या दिवशी या आणि पडलेल्या भिंतीचे किती रुपये लिहिले जातात ते दाखवा. वरच्या डोंगरावर पोकलेन कोणाच्या परवानगीने चढला, ते कागद मागा. ज्याने व्हाळ बुजवला त्याच्या दारात माईक धरून 'कसं वाटतंय' हे त्याला विचारा. तेवढी छाती नसेल, तर पुढच्या पावसात आमच्या वाड्यावर पाऊलही टाकू नका.