खुलासा : नेनाचे फुगे अमेरिकेत जर्मनमध्येच उडाले

‘अमेरिकेत रॉक इंग्रजीतच चालतं, नेना या जर्मन बँडचं फुग्यांचं गाणंही इंग्रजी केल्यावरच गाजलं,’ असं सध्या फिरतंय. ते चूक आहे. १९८४ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं ते मूळ जर्मन ‘९९ लुफ्टबलॉन्स’, म्हणजे ‘९९ फुगे’. इंग्रजी रूप पहिल्या क्रमांकावर पोचलं ते ब्रिटनमध्ये. (त्यातले फुगे लाल, जर्मनमध्ये त्यांना रंगच नाही. ‘लुफ्ट’च्या जागी एका मात्रेचं काहीतरी हवं, म्हणून ‘रेड’!) राम्श्टाइन हा जर्मन रॉक बँड, ते तर बहुतेक जर्मनच गातात, तरी २०१० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे भलंमोठं सभागृह भरवलं. अशी नावं मोजकीच, हे कबूल. पण घरचाच माल इतका पडलेला असताना तिथले रेडिओवाले परभाषेतली तबकडी लावतील कशाला?