पाच डॉलरचं ‘नाही’

आईला यूट्यूब कुणी शिकवलं ते विचारू नका. आता तिला 1950-60च्या दशकांतल्या अमेरिकेचं वेड लागलंय आणि दुभाषा म्हणून माझी बिनपगारी नेमणूक झालीय.

कार्यक्रमाचं नाव ‘व्हॉट्स माय लाइन?’. सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर दर रविवारी रात्री साडेदहाला, 1967 पर्यंत चालला. पाहुणा येतो, फळ्यावर खडूने सही करतो आणि चार नामवंतांनी त्याचा धंदा ओळखायचा. प्रश्न असा हवा की उत्तर हो किंवा नाही. प्रत्येक ‘नाही’ला पाहुण्याला पाच डॉलर, दहा ‘नाही’ झाले की डाव त्याचा. गादी विकणाऱ्या माणसाला चार प्रश्न विचारायला ही मंडळी लग्नाला निघाल्यासारखी नटून बसतात.

आईने त्यांची नव्याने बारशी केलीत. आर्लिन फ्रान्सिसच्या गळ्यात हिऱ्याचा बदाम असतो, म्हणून ती ‘बदामवाली’. रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेचे बेनेट सर्फ ‘चष्मेवाले’. ते कोट्या करतात. मी व्हिडिओ थांबवून कोटी मराठीत समजावतो, आई म्हणते, “यात हसण्यासारखं काय?” सर्फसाहेबांच्या वतीने मी खजील होतो.

सूत्रसंचालक जॉन डेली हा माझा खरा शत्रू. साध्या प्रश्नालाही तो एवढं लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेलं उत्तर देतो की मला घाम फुटतो.

“काय म्हणाला?”

“नाही म्हणाला.”

“एवढा वेळ?”

नामवंत पाहुणा असला की चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या. 1957 मध्ये चित्रकार साल्वादोर दाली आला होता. लेखक? हो. खेळांशी संबंध? हो. जवळजवळ सगळ्यालाच हो! शेवटी डेलीलाच मधे पडून सावरावं लागलं. आई खूश. “याला आपल्याकडे सरपंच करतील.”

पण कहर झाला परवा. 1963 चा भाग. पांढरा सूट, पांढरी दाढी, गळ्यात काळी रिबन. केएफसी चिकनवाले कर्नल सँडर्स! तेव्हा त्यांचा चेहरा अजून घरोघरी पोचला नव्हता, त्यामुळे पट्ट्यांची गरजच नव्हती. चौघं उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत प्रश्न विचारत होते. घरच्या प्रेक्षकांना धंदा पडद्यावर लिहून दाखवतात, पण आईला तो वाचायची गरज पडली नाही.

“अगं बदामवाले, चिकनच्या डब्यावरचा म्हातारा तो! समोर बसलाय!”

साठ वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कपर्यंत आवाज पोचावा अशा बेताने ती ओरडत होती. रात्रीचे पावणेबारा. बाबा डोळे चोळत बाहेर आले.

“कुणावर ओरडतेस?”

“ओळखा. पण हो-नाहीत उत्तर येईल असंच विचारायचं.”

बाबांनी क्षणभर विचार केला. “मला झोपायला मिळेल का?”

“नाही,” आई म्हणाली. “झाले माझे पाच डॉलर.”