डॅशकॅम उभ्या गाडीची राखण करीत नाही

नवी मुंबईच्या कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांतील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हापुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: गाडी रस्त्यावर उभी करावी लागत असेल तर तीन-चार हजारांचा डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला लावायचा कॅमेरा, बसवा, तो चोवीस तास पहारा देतो, ओरखडा काढणारा किंवा आरसा पळवणारा त्यात हमखास सापडतो, चित्रफीत दाखवली की पोलीस लगेच कारवाई करतात आणि विमा कंपनी भरपाई देते, त्यामुळे सोसायटीच्या सीसीटीव्हीसाठी वर्गणी काढण्याचे कारण उरत नाही. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. सिडकोच्या रो-हाउसच्या अरुंद गल्ल्यांत गाडी दारासमोर रस्त्यावरच उभी राहते, आणि सकाळी दारावर खिळ्याने ओढलेली रेघ दिसली की होणारा संताप खराच असतो. मात्र या संदेशातील जवळजवळ प्रत्येक दावा तपासताच ढासळतो, आणि लोक त्यावर विसंबून पैसे घालत आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

चोवीस तासांच्या पहाऱ्याचा दावा सर्वांत मोठा आहे आणि सर्वांत कच्चाही. या किमतीचे बहुतेक कॅमेरे लायटरच्या सॉकेटमधून वीज घेतात आणि बहुतेक गाड्यांत चावी बंद केली की तो सॉकेटही बंद होतो. म्हणजे गाडी उभी राहिली की पहारेकरी झोपला. पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही चालणारे चित्रण, हवा असेल तर फ्यूज बॉक्समधून वायर ओढून थेट गाडीच्या बॅटरीवर चालणारे हार्डवायर किट बसवावे लागते, त्याचा खर्च वेगळा येतो, आणि वायरिंग कापून जोडल्यास गाडीच्या वॉरंटीवर प्रश्न उभा राहू शकतो. हे सगळे केल्यानंतरही बॅटरीचे गणित सुटत नाही. लहान गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. कॅमेऱ्याने 0.3 अँपिअर वीज ओढली तरी दिवसाला सात अँपिअर-तासांहून अधिक खर्च होतो, आणि दोन दिवसांत बॅटरीची चाळीस टक्के क्षमता संपते. चांगल्या किटमध्ये व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यावर कॅमेरा बंद करणारा कट-ऑफ असतो, आणि तो असायलाच हवा, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही. आता नवी मुंबईतील नोकरदाराचा आठवडा पाहा. सोमवारी सकाळी तो हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर लोकलने कामाला जातो, गाडी शनिवारपर्यंत जागची हलत नाही, आणि कॅमेरा मंगळवारी किंवा बुधवारीच बंद पडलेला असतो. ज्या गाडीला राखणीची सर्वाधिक गरज आहे, तिच्याच बाबतीत हे साधन सर्वांत आधी हात टेकते.

पावसाळ्यात किंवा एप्रिल-मेच्या उन्हात आपण गाडीवर कव्हर घालतो, याचा तर संदेशात उल्लेखही नाही. कव्हर घातले की कॅमेऱ्यासमोर फक्त करडे कापड उरते. कव्हर नसेल तर बंद गाडीत काचेला चिकटलेला कॅमेरा तापत राहतो. ज्या स्वस्त मॉडेलमध्ये लिथियम बॅटरी असते ती अशा उष्णतेत फुगू शकते. बॅटरीऐवजी कपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता अधिक सोसणारा भाग) असलेली मॉडेल या बाबतीत बरी असतात, पण त्यांची किंमत सहसा जास्त असते.

गुन्हेगार हमखास सापडतो, हा दुसरा दावा. शेजारच्या गल्लीतील एका गृहस्थांनी आपल्या कॅमेऱ्यातील चित्रफीत मला दाखवली. समोर उभ्या असलेल्या रिक्षाची मागची बाजू आणि विजेचा खांब एवढेच दृश्य बराच वेळ दिसत राहते. मग डाव्या कडेला पांढऱ्या शर्टाची बाही क्षणभर येऊन जाते, आणि पाठोपाठ पत्र्यावर काहीतरी घासत गेल्याचा बारीक, लांबलेला आवाज ऐकू येतो. रेघ उमटली होती मागच्या डाव्या दारावर. चेहरा नाही, हात नाही, हातातली वस्तूही नाही. पुढच्या काचेवरच्या लेन्सचा आवाका साधारण 120 ते 140 अंशांचा असतो, त्यामुळे समोरचे सारे दिसते आणि दारे दिसत नाहीत. मागच्या काचेला दुसरा कॅमेरा लावला तरी दोन्ही बाजू आंधळ्याच राहतात. ओरखडे दारांवर पडतात, आरसे बाजूचे जातात, टायरची हवाही बाजूनेच सोडली जाते. त्यातही ही गाडी सलग रेकॉर्डिंगवर होती म्हणून एवढे तरी मिळाले. केवळ धक्क्याने जागा होणारा सेन्सर खिळ्याच्या रेघेने बहुधा जागा होत नाही; उलट जवळून गेलेल्या डंपरने होतो. सलग रेकॉर्डिंग ठेवावे तर 64 जीबीच्या कार्डात फुल एचडी चित्रण साधारण आठ ते दहा तासच मावते, आणि मग जुन्यावर नवे चढते. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: मागे घेताना कोणी बंपरला ठोकर मारली तर पुढचा किंवा मागचा कॅमेरा त्या गाडीचा नंबर टिपू शकतो, तेही उजेड पुरेसा असेल तर.

पोलीस कारवाईबद्दलचा दावा कायद्याशी जुळत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली खोडसाळ नुकसान हा गुन्हा आहे, परंतु नुकसान वीस हजारांच्या आत असेल, आणि एका दाराच्या रंगकामाचा खर्च सहसा त्याहून कमीच येतो, तर तो अदखलपात्र ठरतो, म्हणजे पोलीस स्वतःहून त्यात हात घालू शकत नाहीत. पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली जाते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तुम्ही नेलेली चित्रफीत कितीही स्पष्ट असली तरी ठाणे अंमलदार यापुढे जाऊ शकत नाही, आणि त्याबद्दल त्याच्याशी हुज्जत घालणे अन्यायाचे आहे. प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, जुन्या कायद्याच्या संदर्भात, हेच बजावले होते. मूळ साधनच हजर केले तर गोष्ट निराळी. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या प्रतीला त्यामुळे फारसे बळ नसते. घटना टिपली गेली असेलच तर मेमरी कार्ड ताबडतोब काढून, त्यावर पुन्हा काही न चढवता, जपून ठेवावे.

विम्याबाबतची दिशाभूल मला सर्वांत घातक वाटते, कारण तिच्या भरवशावर काही जण केवळ थर्ड पार्टी पॉलिसीवर (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्यावर) राहण्याचा विचार करीत आहेत. दुसऱ्याने हेतुपुरस्सर केलेले आपल्या गाडीचे नुकसान थर्ड पार्टी पॉलिसीत बसतच नाही. ते स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण देणाऱ्या पॉलिसीतच बसते, आणि तेथे सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, नुकसान पाहतो, गुन्हेगाराचा चेहरा पाहत नाही. शिवाय अनिवार्य वजावट, म्हणजे भरपाईतील आपण स्वतः सोसायचा ठरावीक हिस्सा, आहे, आणि क्लेम केल्यावर 20 ते 50 टक्क्यांपर्यंत साचलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. एका रेघेसाठी क्लेम करणे पुष्कळदा तोट्याचेच असते, मग कॅमेरा असो वा नसो.

राहिला सोसायटीचा कॅमेरा. तो घरच्या विजेवर चालतो, उंचावरून गाड्यांची अख्खी रांग आणि तिच्या बाजू पाहतो, गाडीवर कव्हर असले तरी जवळ आलेला माणूस टिपतो आणि डिस्कच्या क्षमतेनुसार कित्येक दिवसांचे चित्रण साठवतो. रो-हाउसच्या गल्लीत सोसायटीचा कॅमेरा नसेल तर समोरासमोरच्या घरांनी मिळून दोन टोकांना दोन कॅमेरे लावावेत, त्यांचा रोख रस्त्यापुरता ठेवावा म्हणजे कोणाच्या खिडकीत तो डोकावणार नाही, आणि बंद पथदिव्याची तक्रार महापालिकेकडे करावी, कारण अंधारात बहुतेक कॅमेऱ्यांचे चित्रण अस्पष्ट येते. नुकसान दिसताच त्याच दिवशी सोसायटीच्या कमिटीकडे लेखी अर्ज देऊन त्या रात्रीचे चित्रण वेगळे काढून ठेवण्यास सांगावे.